नळी आणि लाकूड यांच्यामधली जागा

आमच्या क्लबात पॉइंट टूटूच्या रायफली डझनभर असतील, पण भांडणं व्हायची ती दोनच रायफलींवरून. एक नवी, परदेशी, अॅल्युमिनियमच्या दस्त्याची. गालाखालची पट्टी, खांद्याची पट्टी, हाताचा टेकू, सगळं किल्ली फिरवून मागेपुढे होणारं. दुसरी तिच्या आईच्या वयाची, लाकडी दस्त्याची आणि जड. दोन्हींत एका वेळी एकच गोळी भरायची, बोल्ट हाताने मागे ओढायचा, पुढे ढकलायचा. काम दोन्हींचं एकच, पन्नास मीटरवरच्या कागदाच्या बरोबर मधोमध भोक पाडणं.

मी प्रोन मारते, म्हणजे पोटावर पालथं पडून. या खेळात पळावं लागत नाही असं सांगितलं की लोक माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघतात आणि म्हणतात, मग तुम्हाला जमत असेल. जमत होतं. कॉलेजात एनसीसीमुळे हातात रायफल आली, लग्नानंतर सुटली, मुलगी मोठी झाल्यावर पुन्हा आली. सत्तेचाळिसावं लागलं तेव्हा मला एकच गोष्ट हवी होती. राज्याच्या संघाच्या यादीत एकदा माझं नाव यायला हवं होतं. का, ते विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. निवड चाचणी दसरा आणि दिवाळीच्या मधे होती आणि माझ्याकडे मे महिन्यापासूनचा वेळ होता.

नोकरीही सांगून टाकते, कारण पुढे ती आड येणार आहे. मी सागरी विम्याच्या दाव्यांचं काम करते. गोदीत भिजलेला, फुटलेला, गंजलेला माल येतो, त्याचे कागद बघायचे आणि नुकसान कोणामुळे झालं ते लिहायचं. जहाजवाल्यामुळे, बांधणाऱ्यामुळे, की मालाच्या मूळच्याच दोषामुळे. 'मालाचा मूळचाच दोष' हा शेरा मी इतक्यांदा लिहिलाय की माझी मुलगी घरात काही फुटलं की तेच म्हणते.

नवी रायफल आमच्या क्लबातल्या एका तरुण आर्किटेक्टला मिळाली. सेक्रेटरींनी मला जुनी दिली. मी तोंड वाकडं केलं तर म्हणाले, "मॅडम, नाचता येईना अंगण वाकडं असं करू नका हं." मी म्हटलं, आधी अंगण मोजते.

एका रविवारी सकाळी दोन्ही रायफली वाळूच्या पिशव्यांवर टेकवल्या. माणसाचा हात शक्य तितका बाजूला काढला आणि एकाच लॉटच्या गोळ्या दोन्हींतून मारल्या. लॉट एकच असावा लागतो. या छोट्या गोळ्या एका खोक्यातल्या दुसऱ्या खोक्यातल्यांसारख्या कधीच नसतात, आणि एकीला आवडणारी गोळी दुसरीला आवडेलच असं नाही. पाच-पाच गोळ्यांचा एक कागद, असे प्रत्येकीचे दहा कागद. नवीच्या पाच गोळ्या रुपयाच्या नाण्याखाली लपत होत्या, दर वेळी, तक्रारीला जागा नाही. जुनीचे पहिले दोन कागद तिच्याहून सरस निघाले. तिसऱ्यावर पाच गोळ्या एकत्रच, पण सगळ्या थोड्या उजवीकडे. पाचव्यावर आणखी उजवीकडे.

मला आनंदच झाला. नळी वाईट असती तर गोळ्या विखुरल्या असत्या. इथे सगळ्या मिळून सरकत होत्या. म्हणजे नळी उत्तम होती आणि तिला कोणीतरी ढकलत होतं. आर्मररने, म्हणजे क्लबाच्या रायफली सांभाळणाऱ्या माणसाने, स्क्रू काढून दस्ता वेगळा केला. आपल्या हवेत एवढी वर्षं काढून लाकूड पिळवटलं होतं आणि टोकाशी एका बाजूने नळीला चिकटलं होतं. नळी तापली की लाकूड तिला दाबत होतं. शिवाय तो दस्ता कुणा सहा फुटी माणसासाठी केलेला. मी गाल टेकवला की डोळा साईटच्या, म्हणजे नेम धरायच्या भोकाच्या, खाली जायचा. नवा दस्ता लागणार होता. परदेशातून मागवायचा तर दिवाळी उलटली असती.

सासरे मिलच्या सुतारखात्यात होते. मिल बंद पडली, त्याला आता जमाना झाला. त्यानंतर त्यांनी लोकांची स्वयंपाकघरं केली, देवघरं केली, गणपतीचे पाट केले, आणि नवऱ्याने दादरला जागा घेतल्यावरही ते आणि सासूबाई घोडपदेवच्या चाळीतच राहिले. मी गिरगावची, कारकुनांच्या घरातली. आमच्याकडे आजोबा, वडील, काका सगळे टेबलाखुर्चीवर बसून निवृत्त झाले. माहेरी हाताने काम करणाऱ्या माणसाचं कौतुक पुष्कळ व्हायचं, पण त्याला चहा वेगळ्या कपात दिला जायचा. लग्नानंतर माझ्यातलं हे सगळं गेलं असं मला वाटत होतं.

मी सासऱ्यांना विचारलं तेव्हा ते पंचाहत्तरीच्या पुढे होते आणि दोन वर्षांत त्यांनी शेजाऱ्यांच्या दाराच्या बिजागऱ्यांपलीकडे काही केलं नव्हतं. त्यांनी जुन्या दस्त्याचा फोटो बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "ह्येका भार किती सोसूचो लागता?" मी म्हटलं, भार फारसा नाही, पण केसभरही हलता कामा नये. ते म्हणाले, "मगे सोपा नाय." आणि दुसऱ्या दिवशी मला रे रोडच्या वखारींत घेऊन गेले.

चार वखारी झाल्या. ते लाकडावर बोटाच्या पेराने वाजवायचे, कान लावायचे, पुढे जायचे. एक तुकडा मला फार देखणा वाटला. "ह्यां वळतला," म्हणाले. शेवटी कुठल्याशा पाडलेल्या इमारतीच्या तुळईतला सागवानाचा एक काळपट तुकडा त्यांनी घेतला. ज्याला काय वळायचं ते वळून झालंय, असं त्याचं गुणवर्णन केलं.

मापं घ्यायचा प्रसंग अवघड होता. दस्ता माझ्या मापाचा हवा तर मला पालथं पडून, कोपरं टेकून, गाल लावून दाखवायला हवं होतं, आणि दहा बाय बाराच्या खोलीत सुनेने सासऱ्यांसमोर पालथं पडणं त्यांच्या कल्पनेतच बसत नव्हतं. त्यांनी उपाय काढला. मी चटईवर लाटणं हातात धरून पडले, सासूबाई शिंप्याची टेप घेऊन माझ्या बाजूला बसल्या, आणि सासरे भिंतीकडे तोंड करून, कानावरची पेन्सिल काढून, वहीत लिहायला लागले.

"गाल खय टेकता?" ते भिंतीला विचारायचे.

"खांद्यापासून साडेअकरा," सासूबाई सांगायच्या. "अगो, खांदो हलवू नको, माझी टेप सरकता."

दारात चाळीतल्या तीन बायका जमल्या होत्या. त्यांतल्या एकीने, हिचं कंबरेचं काही आहे का, असं विचारलं. सासऱ्यांनी भिंतीकडूनच उत्तर दिलं की गोळी मारूचा शिकता हा. त्यावर बायका गेल्या.

रायफल घरी आणायचा प्रश्नच नव्हता. लोखंड क्लबाच्या कुलपात आणि लाकूड घोडपदेवला. त्यामुळे ते दर रविवारी लाकूड गोणपाटात गुंडाळून बसने क्लबात यायचे. सेक्रेटरींची लेखी परवानगी होती आणि आर्मररचा चेहरा पहिल्या रविवारी आंबट होता. सासऱ्यांनी खिशातून काजळाची डबी काढली, सासूबाईंचीच. लोखंडाच्या पोटाला काजळ फासलं, ते लाकडात बसवलं, उचललं. लाकडावर जिथे काळं उठलं तिथे पटाशीने कांद्याच्या पापुद्र्याएवढं खरवडलं. पुन्हा बसवलं, पुन्हा उचललं. तीन रविवार हेच. चौथ्या रविवारी आर्मरर त्यांच्यासाठी स्वतःच्या डब्यातले पोहे ठेवायला लागला होता.

नळीखालचा खोबणीचा भाग मात्र उलट नियमाचा. मागे लोखंड लाकडात घट्ट बसायला हवं आणि पुढे नळी पूर्ण मोकळी, कुठेच न टेकणारी. हे मी त्यांना इंटरनेटवरून छापून आणलेले कागद दाखवून समजवायला गेले. त्यांनी कागद घडी करून पटाशीखाली ठेवले. "लाकडान नळयेक शिवूचा नाय. मधी वारो फिराक व्हयो," एवढंच म्हणाले. मग दहाची एक नोट काढली, नळी आणि लाकूड यांच्यामधे टोकाकडून घातली आणि दोन्ही हातांनी धरून मागपर्यंत सरकवत नेली. कुठेही अडली नाही. "रोज मारूच्या आधी ही फिरवायची," ते म्हणाले. "डोळ्यार इस्वास ठेवायचो नाय."

ऑगस्टच्या शेवटी मी नव्या दस्त्यावरून पहिला कागद मारला. पाच गोळ्यांचं एकच फाटकं भोक, शर्टाच्या बटणाएवढं. दहावा कागदही तसाच. गाल टेकवला की डोळा आपोआप साईटमधे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला रायफलीसाठी मान वाकडी करावी लागली नाही. मी तो कागद सासऱ्यांना नेऊन दिला. त्यांनी तो कपाटाच्या आतल्या बाजूला, एका जुन्या ओळखपत्राशेजारी चिकटवला आणि चाळीत येणाऱ्याजाणाऱ्याला कपाट उघडून दाखवत बसले. सासूबाई म्हणाल्या, कपड्यांना वारा बरा लागतोय.

मग खंडेनवमी आली. आमच्या क्लबात त्या दिवशी सगळी शस्त्रं एका लांब टेबलावर पांढऱ्या चादरीवर मांडतात, बोल्ट काढून, ओळीने. झेंडूच्या माळा, समया, पेढे. हजर बायकांत वयाने मोठी मी, म्हणून ताट माझ्या हातात. सासऱ्यांनाही बोलावलं होतं, पण त्या दिवशी त्यांना घरी स्वतःच्या हत्यारांची पूजा असते, ती ते चुकवत नाहीत. मी हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं, आणि माझ्या रायफलीपाशी आल्यावर अक्षता जरा सढळ हाताने टाकल्या. आमच्या माहेरी पूजा व्हायची ती वह्यांची, पेनांची, वडिलांच्या टाइपरायटरची. कागदावर अक्षता पडल्या तर नंतर झटकायच्या, एवढाच विधी मला माहीत होता.

दसऱ्यानंतरच्या पहिल्याच रविवारी एक गोळी दहाऐवजी आठाच्या वर्तुळात गेली. मी ती माझ्या नावावर टाकली. पण पुढच्या दहांत आणखी दोन भरकटल्या, एक वर, एक डावीकडे. चाचणीला अकरा दिवस उरले होते.

मी शोध घेतला, जसा कचेरीत घेते. गोळ्यांचा लॉट बदलला, तेच. साईट दुसऱ्या रायफलीची लावली, तेच. आर्मररने स्क्रू तपासले, ठरल्याइतकेच घट्ट होते. पिशव्यांवर टेकवून मारली तरी तेच, म्हणजे दोष माझाही नव्हता. तीच गोळी आर्किटेक्टच्या रायफलीतून नीट जात होती. नळीच्या दोन्ही बाजूंनी पाहिलं, फटीतून उजेड दिसत होता. सगळं बाद झाल्यावर राहिलं लाकूड. ऑक्टोबरचं ऊन आणि जुना अनुभव दोन्ही माझ्या बाजूने होते. मे महिन्यात माझं निदान बरोबर निघालं होतंच की.

घोडपदेवला गेले. सासरे कॉटवर बसून लसूण सोलत होते. मी त्यांना व्यवस्थित, पायरीपायरीने सांगितलं, आवाज न चढवता. शेवटी म्हटलं, "बाबा, तुमचा दोष नाही. लाकडाचाच असेल. मूळचाच."

त्यांनी हातातली पाकळी सोलून ताटलीत टाकली. मग विचारलं, "नोट फिरवलंस?"

"हो," मी म्हटलं.

ती मी सप्टेंबरात फिरवली होती. रोज फिरवायची हे गणपतीनंतर माझ्याकडून सुटलं होतं. पण मी बाजूंनी पाहिलं होतं, उजेड दिसला होता, आणि कारण ठरलं होतं. दाव्यात एखादा जुना तपासणी अहवाल जोडतात तसा मी तो 'हो' जोडला.

"खय अडाकली नाय?"

"नाही."

"मगे लाकडाचीच चूक," ते म्हणाले. "जुनो दस्तो लाव."

मी जुना दस्ता लावला. म्हणजे आर्मररने लावला, मी बाजूला उभी राहून फोनवर बोलत होते. टोकाशी खरवडून घेतला, गालाखाली फोमचा तुकडा चिकटवला आणि मान वाकडी करून चाचणी दिली. शेवटच्या दहा गोळ्यांत गाल दोनदा घसरला. यादीत माझं नाव आलं नाही, अगदी थोडक्याने. आर्किटेक्टचं आलं. मी त्याचं अभिनंदन केलं आणि ते मनापासून होतं, असं तेव्हाही वाटलं नाही.

दिवाळीनंतर नवऱ्याने सांगितलं की बाबा तो दस्ता परत मागताहेत. कुठे चुकलं ते त्यांना बघायचं होतं. आणखीही काही त्याने सांगितलं. त्यांनी हत्यारांची पेटी माळ्यावर टाकली होती. शेजारचं दार फरशीला घासत होतं तर म्हणाले, माझा हात गेला, दुसरा कोणी बघा. कपाटातला कागद काढून टाकला होता.

शनिवारी मी क्लबाच्या कपाटातून दस्ता काढला आणि टॅक्सीत मांडीवर घेऊन बसले. हिंदमाताच्या सिग्नलला गाडी अडकली. करायला काही नव्हतं म्हणून खोबणीतून बोट फिरवलं. मागच्या टोकाशी, जिथे बाजूने बघितलं तर काही दिसणार नाही अशा जागी, बोटाला खडा लागला. फोनच्या उजेडात पाहिलं. कुंकू आणि रायफलीचं तेल यांच्या लगद्यात घट्ट बसलेला तांदळाचा दाणा होता. लाकडासारखाच तांबूस. वरच्या बाजूला तो घासून सपाट झाला होता आणि तिथे नळीचा काळा डाग होता.

नखाने काढला असता तर सहज निघाला असता. काच खाली करून बाहेर टाकला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती, आणि म्हाताऱ्या माणसाचं लाकूड वळलं या शेऱ्यावर कोणाचं काही अडलं नसतं. सिग्नल सुटेपर्यंत मी तेच करणार होते. हे लिहायला मला आवडत नाहीय, पण करणार होते. मग गाडी हलली आणि मी बोट बाहेर काढलं.

सासऱ्यांनी दस्ता मांडीवर घेतला. नळी नव्हती, म्हणून त्यांनी तेवढ्याच जाडीचा एक पाइप आणून ठेवला होता. तो खोबणीत बसवला, मग खिशातून दहाची नोट काढली आणि टोकाकडून सरकवत आणली. मागे येता येता नोट अडली. त्यांनी पुन्हा नेली, पुन्हा तिथेच अडली. पाइप काढला, चष्मा लावला, दस्ता खिडकीकडे नेला.

"ह्यां कोणी घातल्यान?"

"मी. खंडेनवमीला."

"मिलात पयलो मशिनीर फडको घालूचो, मगेच अक्षता," ते दाण्याकडे बघत म्हणाले. ते रागावले नव्हते, नुसतं सांगत होते. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू तर नोट फिरवलंय म्हणालंस."

"नव्हती फिरवली, बाबा."

सासूबाई चहाची चमची हातात घेऊन पुढे आल्या. नामंजूर केलेल्या दाव्याच्या माणसासमोर मी याआधी कधी बसले नव्हते. पत्र जातं, माणूस दिसत नाही.

त्यांनी दाणा काढला नाही. दस्ता मांडीवर आडवा घेतला, एक डोळा मिटून या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर लावली, मग उलटा करून पुन्हा लावली.

"अगो," ते सासूबाईंना म्हणाले, "लाकूड सरळ आसा."

"मी काय म्हणत होतंय तुका?" सासूबाई म्हणाल्या.

"सरळ आसा," ते पुन्हा म्हणाले, आणि मापं घेताना वळले होते तसे भिंतीकडे तोंड करून बसले. या वेळी त्यांच्या हातात वही नव्हती. सासूबाईंनी मला डोळ्यांनीच बाहेर जायची खूण केली. मी व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. थोड्या वेळाने आतून माळ्यावरची पेटी खाली ओढल्याचा आवाज आला.